नवसाची पावली

३१ मार्च १९५७ च्या रात्रीपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, चौसष्ट पैसे होते, एकशे ब्याण्णव पै होत्या. सकाळी त्याच रुपयाचे १०० नवे पैसे झाले. हिशेब दशमानात सोपा व्हावा एवढ्यासाठी हे केलं होतं. रुपया तोच राहिला, त्याचे तुकडे मात्र बदलले.

रूपांतराच्या कोष्टकात एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५. हे आकडे जरा निरखून पाहावेत. चार आणे एकदम मोडले तर पंचवीस पैसे हातात पडत. एकेक आणा वेगळा मोडला, तर चोवीसच. आणा खरा सव्वासहा पैशांचा, आणि तो पाव पैसा कुठल्याच नाण्यात मावत नव्हता.

एकत्र मोजणं आणि सुटं मोजणं यांतला हा पेच वैशेषिक दर्शनानं फार आधी वेगळ्या वाटेनं हाताळला आहे. संख्या हा द्रव्याचा गुण, पण 'दोन'पासून पुढच्या संख्या अपेक्षाबुद्धीतून उपजतात: 'हे एक, आणि हे एक' असं एकत्र धरणारं मन लागतं. चार आणे एका मुठीत धरणाऱ्याला पंचवीस मिळाले, यात त्या विचाराची सावली दिसते.

मग देवाला बोललेल्या सव्वा रुपयाचं काय?

पूर्वी ताम्हनात एक रुपया आणि वर एक पावली, म्हणजे चार आणे, ठेवली की नवस फिटे. शून्यावर देणं संपू नये, वर थोडं असावं, ही त्यामागची भावना. १९५७ मध्ये पावली नेमकी २५ पैशांची झाली आणि नवसाला धक्का लागला नाही. रुपया-आणा बोललेल्याला मात्र पाव पैशाची तूट आली. पुढे ३० जून २०११ पासून २५ पैशांचं नाणं चलनातून गेलं, आणि सव्वा रुपया नाण्यांत मांडताच येईना.

कोणी दोन रुपये ठेवतं, कोणी अकरा. यानं देणं फिटतं का? तुर्कस्तानात १ जानेवारी २००५ ला दहा लाख लिरांचा एक नवा लिरा झाला, तेव्हा जुनी कर्जं कायद्यानं आपोआप नव्या आकड्यात आली. नवसाला असं राजपत्र नाही. तो मोलाचा असता, तर १९५७ च्या सव्वा रुपयात जेवढं धान्य येई तेवढ्याचे पैसे आज द्यावे लागले असते. तसा हिशेब कोणी मांडत नाही, आणि ते योग्यच आहे. संकल्पात उदक सोडताना माणूस शब्दाला बांधला जातो, बाजारभावाला नाही. म्हणूनच दोन रुपये जास्त असूनही सव्वा होत नाहीत.

आता कितीतरी देवळांत दानपेटीशेजारी क्यूआर कोड चिकटवलेला असतो. मोबाइलवर रकमेच्या चौकटीत १.२५ लिहिता येतं, आणि तेवढेच पैसे जातात.