पुरणे आणि विसरणे

निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात एक छोटा कायदा आहे. कोणी खड्डा खणला, तो झाकला नाही आणि त्यात शेजाऱ्याचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर भरपाई खड्ड्याच्या मालकाने करायची. प्रवचनासाठी हा उतारा सहसा कोणी निवडत नाही. परंतु बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींचे काय करावे, याविषयीची चर्चा वाचताना मला तो वारंवार आठवतो.

कोळसा जाळून वीज निर्माण केली की दोन गोष्टी मागे उरतात : राख आणि कार्बन डायऑक्साइड वायू. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः 30 ते 45 टक्के असते. वायूचा हिशोब तर अधिकच विलक्षण आहे. कोळशातील एक टन कार्बन जळला की त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन सुमारे 3.67 टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ज्या भूमीच्या पोटातून कोळसा काढला, त्याच पोटात ही राख आणि हा वायू परत का भरू नये, असे तज्ज्ञ विचारतात. राख पाण्यात कालवून पोकळीत सोडता येते. खाणीत उरलेल्या कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात व ती हा वायू धरून ठेवू शकतात. ओडिशातील तालचेर येथे रिकाम्या खाणींत राख भरली गेली आहे. केंद्र शासनाच्या 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेतही राखेच्या मान्य उपयोगांत खाणींच्या पोकळ्या भरण्याचा समावेश आहे.

ही कल्पना मुळातच अनिष्ट आहे, असे मी म्हणणार नाही. उघड्यावर साठवलेली राख उन्हाळ्याच्या वाऱ्याने पिकांवर बसते आणि लेकरांच्या श्वासात जाते. ती खोल व बंदिस्त जागी ठेवता आली, तर ते भलेच होय. अनुवाद ग्रंथात इस्राएली लोकांना छावणीबाहेर खड्डा करून आपली विष्ठा मातीने झाकण्याची आज्ञा आहे. आपली घाण शेजाऱ्यापुढे न ठेवणे हाही धर्मच आहे.

परंतु पवित्र शास्त्रात पुरण्याचे दुसरेही उदाहरण आहे. यहोशवाच्या ग्रंथातील आखानाने निषिद्ध लूट आपल्या तंबूखाली जमिनीत पुरली आणि त्याच्या अपराधाचे फळ साऱ्या समाजाला भोगावे लागले. वरवर पाहता दोन्ही कृती सारख्याच. एक माणूस शेजाऱ्याच्या हितासाठी पुरतो, दुसरा शेजाऱ्याला कळू नये म्हणून. मग आपले पुरणे यांपैकी कोणते?

जर्मनीतील रूहर प्रदेशाकडे पाहावे. तेथे दीड शतकाहून अधिक काळ प्रचंड प्रमाणावर कोळसा काढला गेला. जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक खचली. 1980 नंतर तेथील काही खाणींच्या पोकळ्यांत वीज केंद्रांची राख आणि कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांचे अवशेषही भरण्यात आले. बोट्रोप येथील अखेरची खाण 21 डिसेंबर 2018 रोजी बंद झाली. परंतु काम संपले नाही. खोल खाणींत साचणारे पाणी उपसत राहावे लागते, अन्यथा दूषित पाणी वर येईल. त्यासाठी 2007 मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले. या कामांना जर्मन लोक ‘अनंतकाळची कामे’ म्हणतात. अनंतकाळ हा आम्हा धर्मगुरूंचा शब्द, तो तेथे हिशोबाच्या वहीत जाऊन बसला आहे! निदान त्या लोकांनी ऋण मान्य केले आणि त्याची तरतूद केली.

जेथे स्मरण राहत नाही, तेथे काय होते? स्कॉटलंडमधील गोअरब्रिज या गावी जुन्या खाणींवरच्या जमिनीवर नवी घरे उभी राहिली. 2013-14 मध्ये तेथील रहिवासी आजारी पडू लागले. खाणीतला कार्बन डायऑक्साइड घरांत शिरत होता. या वायूला रंग नाही, गंध नाही. अखेर 64 घरे पाडावी लागली. तो वायू कोणी तेथे साठवलेला नव्हता. मग जो आपण जाणूनबुजून भरणार, त्याच्यावर किती काळ पहारा ठेवावा लागेल? आणि तो पहारा कोण ठेवणार? ज्यांना विजेचा लाभ मिळालेला नाही, ज्यांची संमती घेतलेली नाही, अशी आपली पतवंडे!

प्रायश्चित्त संस्काराची शिकवण येथे उपयोगी पडते. पापक्षमा मिळाली तरी नुकसानभरपाईचे कर्तव्य सुटत नाही, आणि पुन्हा ते पाप न करण्याचा निश्चय नसेल तर पश्चात्ताप खरा नव्हे. वायू जमिनीत पुरणे ही फार तर भरपाई आहे. ती कोळसा जाळत राहण्याचा परवाना बनली, तर निश्चय कुठे राहिला? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2023 च्या ‘लाउदाते देऊम’ या पत्रात नेमका हाच इशारा दिला होता : वायू शोषून घेण्याच्या तंत्रांचे स्वागत करावे, पण त्यांच्या आधारे मूळ दुखणे झाकून ठेवू नये.

म्हणून पुरायचेच असेल तर काय, कोठे आणि किती पुरले याची नोंद सर्वांना पाहता यावी. वर राहणाऱ्या गावाला आधी विचारावे. देखभालीचा पैसा आधी बाजूला काढावा. आणि मुख्य म्हणजे दरवर्षी कमी पुरावे लागावे.

राहिला प्रश्न खड्ड्याच्या मालकाचा. खाण कंपनीकडे बोट दाखवणे सोपे आहे. परंतु चंद्रपूर-कोराडीला जळणाऱ्या कोळशाची वीज आपल्याही घरी येते. सणाच्या रात्री आमच्या चर्चवर दिव्यांच्या माळा झगमगतात, तेव्हा मलाही आनंद होतो. त्या उजेडाची राख कोणाच्या तरी गावाशेजारी पडलेली असते. निर्गमाचा कायदा मालकाचे नाव सांगत नाही, एवढ्यावरून आपण त्यातून सुटत नाही.