सोळा आण्यांचा हिशेब

राजूरची दगडी कोळशाची खाण आणि तिथल्याच चुन्याच्या भट्ट्या, दोन्हीकडे राबून हाडं झिजवलेला एक म्हातारा. वणीतल्या एका दवाखान्यात त्याच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकाऊ सिस्टरनं विचारलं, "काकाजी, दुखतं का?"

"नाई बाई. काई नाई दुखत."

तिनं तक्त्यावर शून्य लिहिलं. वॉर्डात म्हाताऱ्याचं कौतुक सुरू झालं. हूं नाही की चूं नाही! न कण्हणारा रोगी सगळ्यांनाच आवडतो. त्याच्यासाठी कुणाला उठावं लागत नाही ना.

इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या. तक्त्याआधी त्यांनी म्हाताऱ्याचा हात पाहिला. पलंगाची दांडी धरून धरून बोटांची पेरं पांढरी पडली होती. श्वास मिनिटाला २६, तोही वरच्या वर. छातीत घरघर.

"काकाजी, जरा खोकून दाखवा."

"खोकला नाई मले."

"कोळशाच्या भुकटीत जन्म गेला आणि खोकला नाही?"

म्हातारा गप्प. रोगी सांगेल तेच दुखणं खरं मानावं, असं अमेरिकेतल्या परिचारिका मार्गो मॅकॅफरी यांनी १९६८ मध्येच ठासून मांडलं होतं. पण रोगी सोसून मुकाट राहायलाच शिकलेला असला, तर विचारणाऱ्यालाच वाट बदलावी लागते. सिस्टरनी दुखणं मोजायची शून्य ते दहाची पट्टी बाजूला ठेवली. "रुपयातले किती आणे दुखतं?"

"पडून राह्यलो तं दोन आणे," म्हातारा पुटपुटला. "खोकललो तं... रुपया पुरत नाई, बाई."

दुखतं म्हणून खोकणं टाळलं की कफ साचतो, आणि मग न्यूमोनिया. सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला. 'मागितल्यास' म्हणून लिहिलेलं पॅरासिटॅमॉल आता दर सहा तासांनी, घड्याळ पाहून द्यायचं ठरलं. जोडीला आणखी एक इंजेक्शन. अर्ध्या तासानं त्या मुद्दाम परत आल्या. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली, टाक्यांवर उशी दाबून धरायला लावली.

"हं, आता खोका."

आधी नुसताच खाकरला. मग घट्ट बेडका सुटला.

"सहा आणे," तो आपणहून म्हणाला.

शिकाऊ सिस्टरनं तक्त्यावर दोन नोंदी केल्या: एक पडल्या पडल्याची, एक खोकतानाची. शेजारच्या खाटेवर हर्नियाचं ऑपरेशन झालेला पोरगा होता. त्याच्याही तक्त्यावर तिच्याच हातचं शून्य होतं.

"दादा," ती म्हणाली, "कुशीवर वळून दाखवता का?"