काढून ठेवलेली चिप

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत मिळतो, हे पनवेलमध्ये कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. सर्किट, अहवाल, तोंडी परीक्षेच्या प्रश्नांची उत्तरं, सगळं एकत्र. त्यावर आपण म्हणतो, नकलेने शिक्षण बुडालं. मला हे निदान अर्धवट वाटतं. नक्कल करूनच पक्की झालेली एक पिढी सोव्हिएत संघात होऊन गेली आहे.

1982 साली ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा स्वस्त घरगुती संगणक आणला. पडदा म्हणून घरचा टीव्ही, प्रोग्रॅम साठवायला साधा टेपरेकॉर्डर, आत झेड-80 प्रोसेसर. सोव्हिएत दुकानांत तो मिळत नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून ल्विव्ह, मॉस्को, लेनिनग्राद इथल्या हौशी मंडळींनी तो स्वतःच बांधायला घेतला. 'रादिओ' या मासिकाने घरी बांधायच्या संगणकांचे आराखडे छापून वाचकांचा हात आधीच बसवला होता. 1986 सालचा 'रादिओ-86आरके' त्यातला गाजलेला.

स्पेक्ट्रमची खरी गोम फेरांटी कंपनीने बनवलेल्या एका चिपमध्ये होती. टीव्हीवर चित्र काढणं, प्रोसेसर आणि चित्र या दोघांना एकच मेमरी आळीपाळीने वापरू देणं, दाबलेलं बटण ओळखायला मदत करणं, टेपचा आवाज आत घेणं, ही सगळी कामं ती एकटी करायची. ती खास सिंक्लेअरसाठी घडवलेली, त्यामुळे सुटी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मग उरली एकच वाट. ही चिप नेमकं काय करते ते शोधून काढायचं आणि तेच काम साध्या लॉजिक चिप जोडून करून घ्यायचं. टीव्हीच्या एका रेषेला किती वेळ लागतो, तेवढ्यात मेमरीतून किती बाइट उचलायचे, प्रोसेसरला कधी अडवायचं, हे कागदावर सुटल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवून उपयोग नव्हता. लेनिनग्रादच्या सेर्गेई झोनोव्ह यांनी दशकाच्या अखेरीस हे सगळं यंत्र पन्नासही चिप न वापरता बसवलं. असं आटोपशीर काम फक्त पाहून उतरवणाऱ्याच्या हातून होत नाही.

एक भाग मात्र सरळ उचललेला होता. 16 किलोबाइटचा मूळ रॉम, म्हणजे यंत्रात कायमचा असणारा प्रोग्रॅम, बहुतेक वेळा जवळपास जसाच्या तसा भरला जाई. ती दुसऱ्याची मेहनत होती, तिचा मोबदला दिला गेला नाही, आणि हे झाकण्यात अर्थ नाही.

1989 च्या सुमारास 'पेंटॅगॉन' नावाची आवृत्ती आली. मूळ यंत्रात पडद्यावर चित्र उमटत असताना प्रोसेसरला अधूनमधून थांबावं लागे. पेंटॅगॉनमध्ये ते थांबणं नव्हतं, त्यामुळे वेळेचं गणितच वेगळं पडलं. नक्कल म्हणून ही खोट. पण पुढे तिकडच्या पोरांनी याच गणितावर प्रोग्रॅम लिहिले, आणि आज स्पेक्ट्रमच्या अनेक इम्युलेटरांत, म्हणजे दुसऱ्या संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पेंटॅगॉन हा वेगळा पर्याय द्यावा लागतो.

संगणक स्वतः बांधून शिकण्याचं असं काम मुंबईत त्याच्या तीस वर्षं आधी झालं होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने व्हॅक्यूम ट्यूब जोडून संगणक उभा केला. 1956 मध्ये त्याचं छोटं प्रायोगिक रूप चाललं, 1960 मध्ये पूर्ण यंत्र सुरू झालं, 1962 मध्ये नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' नाव दिलं. तोवर परदेशात ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते, म्हणून एवढे कष्ट वाया गेले असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. संगणक आतून बाहेरून ओळखणारी माणसं या देशाला त्या खटाटोपातून मिळाली; आयात केलेल्या यंत्राने ती दिली नसती.

नव्वदीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पीसी जुळवणं सुरू झालं. सामान्य घरांत संगणक पोचला तो त्या रस्त्यामुळे, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण मदरबोर्ड, कार्ड, डिस्क ठरल्या मापाचे येत आणि खाचेत बसले की चालत. बिघडलं तर कार्ड बदलून बघायचं. आत शिरायला भाग पाडणारी अडचणच तिथे नव्हती.

आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं 8085 प्रोसेसरचं किट असतं. हा प्रोसेसर इंटेलच्या 8080 चा धाकटा भाऊ, आणि 'रादिओ-86आरके'मध्ये त्याच 8080 ची सोव्हिएत प्रतिकृती होती. या किटमध्ये बटणं वाचायला आणि आकडे उजळवायला बहुधा 8279 ही तयार चिप असते. माझी सूचना अशी की ती काढून ठेवावी आणि तिचं काम मुलांकडून साध्या लॉजिक चिप व स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने करून घ्यावं. बटणांच्या ओळी एकामागून एक तपासायच्या, एकदा दाबलेलं बटण चारदा दाबल्यासारखं वाचलं जातं ते थोपवायचं, आकडे आळीपाळीने इतक्या वेगात उजळायचे की डोळ्याला सगळे एकदम दिसावेत. यात अख्खं सत्र गेलं तरी जाऊ द्यावं. त्यापायी जर्नलमधले निम्मे प्रयोग गाळावे लागले तरी बिघडणार नाही.