भंगारातला नागसेन

माणूस तत्त्वज्ञ कुठे होतो? पुस्तकं सांगतात, बोधिवृक्षाखाली, हिमालयात, फार तर स्मशानात. मी झालो तो हिंगोलीबाहेरच्या एका भंगाराच्या वाड्यात, भर मे महिन्यात, डोक्याला ओला रुमाल बांधून. शिक्षण बी.कॉम., हुद्दा क्लार्क, वय पंचेचाळीस, शिवाय कंबरेचा पट्टा. एवढ्या भांडवलावर तत्त्वज्ञानाचा धंदा कुणी सुरू करू नये, हे मलाही कळतं. पण आमच्या दाजींचा ट्रक बसला, आणि सगळं त्यातून निघालं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात वसमतला. त्यांच्याकडे एक जुना सहाचाकी ट्रक आहे आणि हळदीच्या हंगामात त्या घरातला कर्ता पुरुष तोच असतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दाजींनी असे पेढे वाटले, की मानांकन हळदीला मिळालं की ट्रकला, असा शेजाऱ्यांना प्रश्न पडला. तर हा कर्ता पुरुष औंढ्याच्या अलीकडे एका खड्ड्यात गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याची पुढची दोन चाकं भांडण झालेल्या नवरा-बायकोसारखी दोन दिशांना बघत होती.

मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "पुढचा एक्सल वाकला. डावा स्टबही गेला."

"तापवून, ठोकून सरळ नाही का होणार?" मी विचारलं. बँकेत आम्ही बरंच काही असंच सरळ करतो.

"होईल की. पण कारखान्यात त्या लोखंडाला पाणी दिलेलं असतं. तापवलं की पाणी उतरतं. दिसायला सरळ दिसेल, पण भरल्या गाडीला घाटात ब्रेक मारला की तुम्ही सरळ वर."

नव्या मालाचा भाव ऐकून दाजीही बसले. मग ठरलं, त्याच मॉडेलचा एखादा ट्रक भंगारात बघायचा आणि त्याचा पुढचा एक्सल काढून आणायचा. "पाव्हणे, तुम्ही चला. बँकेतले आहात, भावाचं तुम्हाला कळतं," दाजी म्हणाले. मला फक्त दुसऱ्याच्या नोटा मोजायला कळतात, आणि त्याही आता मशीन मोजते. पण बहिणीच्या घरी असलं खरं बोलू नये.

कॉमर्सच्या माणसाला भंगाराचा वाडा म्हणजे उघडं पाठ्यपुस्तक. भाड्याने चालणाऱ्या ट्रकला आयकराच्या हिशेबात दरसाल ३० टक्के घसारा मिळतो. म्हणजे दहा लाखांचा ट्रक दहा वर्षांनी कागदावर साधारण २८ हजारांचा उरतो. गंमत अशी, की ह्या पद्धतीत किंमत कितीही घटली तरी शून्य म्हणून कधी होत नाही. काहीतरी उरतंच. आत्मा अमर आहे हे मला कीर्तनकारांनी नाही, अकौंटन्सीच्या सरांनी पटवलेलं आहे.

आम्हाला हवा तो ट्रक कोपऱ्यात दगडांवर उभा होता. चाकं नाहीत, केबिनला दरवाजे नाहीत, इंजिनाच्या जागी कोंबडी बसलेली.

"ह्या ट्रकचा पुढचा एक्सल काय भावाने?" दाजींनी विचारलं.

"ट्रक कुठंय साहेब?" वाड्याचे मालक हसले. "इंजिन जालन्याला भट्टीत गेलं, आता कुणाच्यातरी स्लॅबात सळई झालं असेल. गिअरबॉक्स वाशीमला. हा आता ट्रक नाही, माल आहे."

इथे मला एकदम नागसेन आठवला. आमच्या शाखेतले एक सहकारी मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. बाबासाहेबांनी १९५० साली काढलेलं हे कॉलेज ज्या मिलिंदाच्या नावाने आहे, तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा ग्रीक राजा. आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात, ते ज्या भिक्खूने त्याला निरुत्तर केलं त्याच्या नावाने. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला ती गोष्ट सांगितली होती. नागसेन राजाला विचारतो, महाराज, आपण रथातून आलात ना? मग रथ म्हणजे काय ते दाखवा. दांडा म्हणजे रथ का? नाही. चाकं म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? तोही नाही. मग रथ कुठे आहे? शेवटी ठरतं ते असं, की हे सगळे भाग जुळून आले म्हणजे आपण त्याला 'रथ' म्हणतो. रथ हे व्यवहारापुरतं नाव. आता आस म्हणजेच एक्सल. दोन हजार वर्षांत प्रश्न नेमका त्याच सुट्या भागावर येऊन उभा राहिला होता, फक्त ह्या वेळी पाना घेऊन.

मी ही गोष्ट दाजींना सांगितली. ते म्हणाले, "औंढ्याचं देऊळ पाहिलंत ना? खालचा नक्षीचा दगड यादवांच्या काळचा, वरचं काम कितीतरी नंतरचं. म्हणून कुणी कमरेपर्यंतच हात जोडतो का?" दाजी सातवी पास आहेत. नागसेनाला जड गेले असते.

मिस्त्रींचं तत्त्वज्ञानाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी एक्सलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून वाक नसल्याची खात्री केली. मग स्टबला रॉकेल लावलं, कोरडा पुसला, वर खडूची पूड चोळली. बारीक चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीवर काळी रेघ होऊन उमटतं. रेघ उमटली नाही. ते वाळेपर्यंत मी सावली शोधत मागच्या फाळक्यापाशी गेलो, आणि तिथे मला रंगाने लिहिलेली दोन ओळींची अक्षरं दिसली. ट्रक बँकेकडे तारण असल्याची. बँकेचं नाव गंजात गेलं होतं. शाखेचं नाव शाबूत होतं.

शाखा आमची होती.

मग नंबर पाहिला आणि माणूस आठवला. स्वतःच चालवणारा, एकाच ट्रकचा मालक. इंजिनाने दगा दिला, गाडी उभी राहिली, हप्ते थांबले. नव्वद दिवस झाले की खातं अनुत्पादक, म्हणजे एन.पी.ए. शाखेत मात्र आम्ही 'खातं एन.पी.ए. झालं' असं म्हणत नाही, 'तो एन.पी.ए. झाला' म्हणतो. नोटीस मी टाइप केली होती, सही माझ्याच काउंटरवर घेतली होती. पुढे जप्ती, लिलाव. बंद गाडीला गिऱ्हाईक कोण? भंगारवाले. आलेले पैसे कर्जाला पुरले नाहीत. उरलेली बाकी अजून त्याच्या नावावर आहे.

इकडे मिस्त्रींनी किंगपिनवर डिझेल ओतून घण घातला. एरवी ही पिन बुशात अशी धरून बसते, की गॅसची ज्योत लावून अर्धा दिवस जातो. ही चार घावांत बाहेर आली. मिस्त्रींनी ती पुसून उन्हात धरली.

"मालकाने सांभाळलेली गाडी आहे. ग्रीस वेळच्या वेळी मारलंय."

मी तिथेच एका टायरवर बसलो. ज्याचा हप्ता चुकला होता, त्याचं ग्रीस चुकलं नव्हतं. आमच्या खात्यात ग्रीसचा रकाना नाही.

आता, नोटीस चुकीची होती का? नाही. कर्जाचा पैसा बँकेच्या बापाचा नसतो. पेन्शनीत निघालेल्या मास्तरांची मुदत ठेव त्यात असते, आणि त्यांना व्याज वेळेवर लागतं. परत वेळ आली तर तीच नोटीस मी तशीच टाइप करीन. पण एक चाक म्हणजे रथ नव्हे हे ज्याला जेवणाच्या सुट्टीत पटलं होतं, त्याने सुट्टी संपल्यावर तीन हप्ते म्हणजे अख्खा माणूस असं कसं मानलं, ह्याचं उत्तर मला त्या टायरवर सापडलं नाही.

दाजींना मी काही बोललो नाही. ग्राहकाचं खातं गुप्त ठेवायचं असतं. शिवाय लिलावातलं लोखंड अपशकुनी म्हणून त्यांनी ते तिथेच टाकलं असतं. पिन आणि बुश नवे घातले, एक्सल आणि स्टब जुनेच. ट्रक पुन्हा हळद वाहू लागला.

तो माणूस हल्ली दुसऱ्याची गाडी चालवतो आणि महिन्याला थोडे थोडे भरतो. पुढच्या महिन्यात आला तेव्हा पावतीवर शिक्का मारता मारता मी म्हणालो, "तुमच्या गाडीचा पुढचा एक्सल बघितला. फार चांगला ठेवला होता."

तो जरा गोंधळला. "आठवड्याला ग्रीस मारायचो साहेब. कुठं बघितला?"

"चालू आहे. हळद वाहतो."

"चालू आहे ना? मग झालं." पावती खिशात घालून तो दोन पावलं गेला, परत आला आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "डाव्या बाजूचं निप्पल जरा अवघड आहे. आत माती बसती. आधी पुसून घ्या म्हणावं, मग ग्रीस मारा."

मी ते स्लिपच्या मागे लिहून घेतलं.