वेशीतली माणसे

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने त्यात रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात बुडवायचा. मेण निघालेल्या जागी आम्ल धातू खाते, त्या खाचांत शाई बसते आणि दाबाखाली कागदावर उतरते. एचिंग म्हणतात ते हे. झिजलेला दगड आणि पडका कोपरा या सुईला बरोबर सापडतो.

शार्ल मेरिओंने 1850 ते 1854 या काळात जुन्या पॅरिसची अशी चित्रे केली. त्याच्या ‘शवागार’ या 1854 च्या चित्रात आपली नजर आधी धुराड्यांवर, एकावर एक चढलेल्या भिंतींवर जाते. ‘काय सुंदर!’ असे आपण म्हणूनही जातो. मग खाली नदीकाठी दिसते, बुडालेल्याचे प्रेत उचलून नेत आहेत, एक बाई आक्रोश करते आहे आणि कठड्यावर बघ्यांची रांग आहे. त्या रांगेत आपणही आलोच. मग ‘सुंदर’ हा शब्द मागे घ्यावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. भिंती सुंदर आहेतच. प्रेत पुसले असते तर मात्र त्याच भिंती खोट्या ठरल्या असत्या.

हा प्रश्न मोर्णेकाठीही आहे. अकोल्याच्या असदगडाचा बराचसा कोट इंग्रजांनी 1870 च्या सुमारास पाडला. दहीहंडा वेशीवरच्या लेखात औरंगजेबाचा काळ आणि वजीर असदखान येतात; अगर वेशीवरचा मराठी लेख 1843 आणि गोविंद आप्पाजीचे नाव सांगतो. (वेस कोणाची, यावर भांडणाऱ्यांनी दोन्ही लेख वाचावेत.)

कोणी चित्रकार वेशीसमोर बसला की आपल्यातलेच कोणी म्हणतात, “भाई, तारा नका काढू, हातगाड्या सोडून द्या, नुसती वेस काढा.” मोहल्ल्याची अब्रू राखायची असते. जुन्या शहराबद्दल बाहेर काय बोलतात, हे सर्वांना ठाऊक आहे. हेतू समजतो, सल्ला पटत नाही. माणसे वगळली की वेस ‘वारसा’ होते आणि माणसे ‘अतिक्रमण’. कागदावरून पुसलेल्या गाड्या रस्त्यावरून हटवायला मग कोणाला जड जात नाही.

पण नुसती माणसे घातल्यानेही भागत नाही. डॅनियल काका-पुतण्यांच्या चित्रांत माणसे बहुधा इमारतीची उंची कळावी एवढ्यापुरतीच उभी असतात. वेशीतला केळीवाला तसा उभा करू नये. पहिला छाप त्यालाच दाखवावा, आणि “गाडीचं चाक चुकलं तुमचं,” असे तो म्हणाला तर पत्रा पुन्हा हाती घ्यावा.