चूक विसरावी की कबूल करावी?

गेल्या आगमनकाळातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी मला देवळाच्या आवारात थांबवले. त्यांची कन्या तिरंदाजी शिकते. तिचा हात स्थिर आहे, नजर तीक्ष्ण आहे. पण एक बाण चुकला की पुढचे चार बाण ती त्या एका बाणाच्या दुःखात सोडते. तिच्या मनाची तयारी करून घेणाऱ्या एखाद्या मार्गदर्शकाकडे तिला पाठवावे, असे प्रशिक्षकांनी सुचवले होते. गृहस्थ म्हणाले, "सर, हातापायांची शिकवणी मला समजते. पण मनाची शिकवणी? ते काम तर घराचं आणि देवळाचं ना जी?"

तेव्हा मी काहीतरी जुजबी उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न माझी पाठ सोडीना. त्याचे कारण केवळ त्यांची कन्या नव्हती. माझ्या हातून पूर्वी घडलेली एक गोष्ट होती. ती पुढे येईलच.

प्रश्नाचे दोन भाग आहेत. मनाला शिकवणी देता येते काय, हा पहिला. आणि दिली तर मनाने नेमके काय शिकावे, हा दुसरा.

पहिल्या भागाचे उत्तर आपल्या नागपूरच्याच एका मुलाने दिले आहे. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिन येथे जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या कंपाउंड प्रकारात ओजस देवतळे जगज्जेता झाला. नागपूर सोडून तो साताऱ्याला प्रवीण सावंत यांच्याकडे साधना करण्यास गेला होता. आणि त्यांचीच दुसरी शिष्या, साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी, त्याच दिवशी महिलांमध्ये जगज्जेती ठरली. या प्रकारात लक्ष्य पन्नास मीटरवर असते. मधले दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढे. अंतिम सामन्यात पंधरा बाण सोडायचे असतात. ओजसचे पंधराही बाण त्या वर्तुळात गेले: 150 पैकी 150. पोलंडच्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याने, लुकाश प्शिबिल्स्कीने, 149 गुण मिळवले आणि तो हरला. एवढ्या उंचीवर पोचलेल्या दोघांच्या हातात फारसा फरक उरत नाही. एक बाण सोडल्यानंतर आणि दुसरा जोडण्यापूर्वी मन कोठे असते, यावर पुष्कळ काही ठरते.

बाण आणि बाण यांच्यामधला हा अवकाश ज्या खेळात सर्वांत मोठा, तो खेळ म्हणजे गोल्फ. आपल्यापैकी बहुतेकांनी तो दूरचित्रवाणीवरच पाहिला असेल. तिरंदाजीचे लक्ष्य जसे स्थिर, तसा गोल्फचा चेंडू स्थिर. तो कोणी अंगावर टाकत नाही, की हातातून हिसकावून घेत नाही. अठरा छिद्रांचा एक डाव खेळायला चार तास लागतात. त्यांपैकी प्रत्यक्ष फटके मारण्यात जाणारा वेळ काही मिनिटांचा. उरलेला सारा वेळ खेळाडू चालत असतो आणि त्याचे मन त्याच्याशी बोलत असते. मागच्या फटक्याची खंत आणि पुढच्या फटक्याची भीती, या दोघींच्या मधून त्याला वाट काढायची असते. 1999 साली स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या छिद्रापाशी फ्रान्सचा ज्याँ व्हान द व्हेल्द आला, तेव्हा तो तीन फटक्यांनी पुढे होता. तेथे सहा फटके लागले असते तरी विजेतेपद त्याचेच होते. त्याला सात लागले. त्यातून बरोबरी झाली आणि जादा खेळात पॉल लॉरी जिंकला. शेवटच्या छिद्रापाशी त्याच्या मनगटांतले कसब नाहीसे झाले, असे कोण म्हणेल?

म्हणूनच मनाच्या शिकवणीचे शास्त्र गोल्फच्या मैदानावर चांगलेच रुजले. टिमोथी गॅलवे यांनी टेनिसवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकानंतर 1981 मध्ये गोल्फच्या अंतरंगावर ग्रंथ लिहिला. आपल्यातला एक 'मी' सतत हुकूम सोडतो व टीका करतो, आणि दुसरा 'मी' मुकाट्याने काम करतो. पहिल्याने गप्प राहण्यास शिकावे, हे त्यांचे सूत्र. जॅक निक्लॉस हा थोर खेळाडू फटका मारण्यापूर्वी तो फटका चित्रपटासारखा मनात पाहत असे. मुरलेल्या खेळाडूला स्वतःच्या हालचालीकडे बारकाईने लक्ष देण्यास सांगितले की त्याचा खेळ बिघडतो, असे शियान बायलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवले. जे हाताला आपोआप येत असते, त्याची बुद्धी पुन्हा झडती घेऊ लागते. म्हणून मार्गदर्शक खेळाडूला ठरावीक क्रम लावून देतो: श्वास, नजर, पवित्रा, फटका. आणि या साऱ्यांच्या मुळाशी असतो एक धडा: झालेला फटका झाला, तो तेथेच सोडून पुढे चला.

यात मला काही वावगे दिसत नाही. जपमाळेचे मणी ओढणाऱ्या आपल्या आजीलाही ठाऊक होते, की भटकणारे मन रागावून परत येत नाही. त्याला हळूच हाताला धरून आणावे लागते. तेव्हा मन शिकते, हे निश्चित. पण 'झाले ते सोडून द्या' हा धडा सगळ्याच चुकांना लागू पडतो काय? येथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या सणानिमित्त कॅरमच्या स्पर्धा ठेवल्या होत्या. मुलांची जबाबदारी माझ्याकडे होती. माझा एक विद्यार्थी, चौदा-पंधरा वर्षांचा, अंतिम सामन्यात खेळत होता. दोन बोर्डांच्या मध्ये तो पाणी पिण्याच्या निमित्ताने माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, मघाशी माझ्या बाहीने सोंगटी सरकली जी. कोणी पाहिलं नाही. त्याच्यानंच राणी गेली." त्याचा चेहरा उतरला होता. मला दिसला तो त्याचा खेळ; हा मुलगा आता ढेपाळणार, एवढेच माझ्या ध्यानात आले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "झालं ते झालं, बाबू. डोक्यातून काढून टाक अन् पुढच्या बोर्डाकडे ध्यान दे."

त्याने माझे ऐकले. तो जिंकलाही. ढाल त्याच्या हाती देताना सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी मात्र त्याने स्पर्धेत नाव दिले नाही. मी कारण विचारले, तेव्हा अभ्यासाचे निमित्त सांगून तो निघून गेला. मनाच्या शिकवणीतला एक उत्तम धडा मी त्याला नको त्या वेळी दिला होता, हे समजायला मला फार वर्षे लागली. तो माझ्याकडे खेळाचा सल्ला मागायला आला नव्हता. तो कबुली द्यायला आला होता, आणि मी ती ऐकून घेतली नाही.

1925 साली अमेरिकेत वूस्टर येथे झालेल्या यू. एस. ओपनमधला बॉबी जोन्सचा प्रसंग मी प्रथम वाचला, तेव्हा मला या मुलाची आठवण झाली. जोन्स हा हौशी खेळाडू. पैशासाठी तो कधी खेळला नाही. उंच गवतात पडलेला चेंडू मारण्यासाठी तो पवित्रा घेत असता चेंडू किंचित हलला. ते कोणालाच दिसले नाही. जोन्सने स्वतः सांगितले, दंडाचा एक फटका स्वतःवर लावून घेण्याचा आग्रह धरला, आणि पुढे खेळला. स्पर्धेअखेर विली मॅकफार्लेन आणि तो बरोबरीत आले. निकालासाठी आणखी अठरा छिद्रे खेळवली, पुन्हा बरोबरी. आणखी अठरा खेळवली, तेव्हा जोन्स एका फटक्याने हरला.

हाच जोन्स तरुणपणी अत्यंत तापट होता. फटका बिघडला की हातातली काठी भिरकावून देत असे. 1921 मध्ये सेंट अँड्र्यूज येथे वाळूच्या खड्ड्यातून चेंडू निघेना, तेव्हा रागाने डाव अर्धवट टाकून तो स्पर्धेतून बाहेर पडला होता. नंतरच्या वर्षांत त्याने स्वतःच्या मनाला वळण लावले, आणि 1930 मध्ये त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. म्हणजे बिघडलेला फटका सोडून देण्यास तो शिकला. मात्र हललेला चेंडू त्याने सोडून दिला नाही. माझ्या मते सगळे मर्म या दोन गोष्टींतील फरकात आहे.

आपण 'चूक' हा एकच शब्द दोन अगदी निराळ्या गोष्टींना लावतो. एक चूक हाताची: बाण नऊच्या वर्तुळात गेला, गणितात हातचा राहिला, भाषणात शब्द अडखळला. दुसरी चूक सचोटीची: जे आपले नव्हते ते आपण घेतले. हाताच्या चुकीचे काम तिच्यातून शिकले की संपते. मग ती उराशी धरून ठेवण्यात काही पुण्य नाही. सचोटीच्या चुकीला दुसरा माणूस जोडलेला असतो. ती एकट्याने मनातून पुसता येत नाही. माझ्या विद्यार्थ्यासमोर बसलेला तो दुसरा मुलगा राणी हरला होता, आणि का हरलो हे त्याला ठाऊक नव्हते. 'विसरून जा' म्हणण्याचा अधिकार फार तर त्याला होता. मला नव्हताच.

या दोन चुकांची गल्लत आपण दोन्ही बाजूंनी करतो. घराघरांतून आपण हाताच्या चुकीला पापाइतके मोठे करतो. दोन गुण कमी पडले म्हणून पोर जेवणाच्या ताटावर मान खाली घालून बसते, जणू त्याने चोरी केली आहे. आणि सचोटीची चूक मात्र 'व्यवहार' म्हणून डोळ्याआड करतो. त्या गृहस्थांची कन्या चुकलेल्या बाणासाठी स्वतःला शिक्षा करते, ती हे कोठून शिकली, याचा विचार आपण पालकांनी आणि शिक्षकांनी करायला हवा.

सदरमधील आमचे कॅथेड्रल ज्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने उभे आहे, त्यांनी 1609 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात स्वतःशी सौम्यतेने वागण्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. पडल्यावर स्वतःवर संतापणे ही नम्रता नसून दुखावलेला अहंकारच असतो, आणि हृदयाला दरडावण्यापेक्षा समजावून उभे करावे, असा त्याचा आशय. आजचे मार्गदर्शक खेळाडूला जे सांगतात, ते याहून फार दूर नाही. पण संतांची सौम्यता चुकीला चूक म्हणून झाल्यानंतरची आहे. पेत्राने तीनदा प्रभूला नाकारले. सरोवराच्या काठी प्रभूने ते त्याला 'विसर' म्हटले नाही. तीनदा प्रश्न विचारला, तीनदा उत्तर घेतले, आणि मगच मेंढरे त्याच्या हाती सोपवली. आधी कबुली, मग मोकळीक. हा क्रम उलटा केला, किंवा त्यातली पहिली पायरी गाळली, तर जे उरते ते शांत मन नव्हे. ते बधिर मन. दोन्ही मने बाहेरून सारखीच निश्चल दिसतात, आणि गुणफलकाला त्यांच्यातला फरक कळत नाही.

कोणी म्हणेल, कबुलीने मन हलके होते आणि हलक्या मनाने खेळ सुधारतो. तेव्हा सचोटी ही देखील एक उत्तम युक्तीच आहे. हा युक्तिवाद गोड आहे, पण मला तो मान्य नाही. जोन्स त्या एका फटक्यानेच विजेतेपदाला मुकला. सचोटीचा मोबदला ढालीच्या रूपाने मिळतोच, असे मुलांना सांगणे म्हणजे त्यांना निराळ्या रीतीने फसवणे होय. मनाचा मार्गदर्शक आपले यश गुणांत मोजतो, आणि ते त्याच्या कामाला साजेसे आहे. गुण कमी होत असतानाही जे करायचे, ते मुलांनी आपल्याकडूनच शिकायचे असते. आणि आपण ते सांगण्याऐवजी टाळ्या वाजवत असू, तर त्याचा दोष मार्गदर्शकावर ठेवता येणार नाही.

त्या गृहस्थांना मी आता उत्तर दिले आहे. मुलीला अवश्य पाठवा, असे मी सांगितले. चुकलेला बाण खाली ठेवायला तिला शिकू द्या. ते शिकवणारा जाणकार मिळत असेल तर त्यात घराचा किंवा देवळाचा कमीपणा नाही. मात्र ती घरी आल्यावर आधी गुण विचारू नका. आणि एखाद्या दिवशी रेषेला टेकलेल्या बाणाबद्दल, कोणी न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ती काही सांगू लागली, तर हातातले काम बाजूला ठेवून तिचे पूर्ण ऐकून घ्या.

माझा तो विद्यार्थी आज कोठे आहे, मला माहीत नाही. त्याच्याही घरात आता मुले असतील. त्या संध्याकाळी त्याला 'चल, आपण दोघे जाऊन पंचांना सांगू' एवढेच म्हणायला हवे होते. कदाचित तो हरला असता, पण पुढच्या वर्षी खेळायला आला असता. ती ढाल त्याने किती दिवस घरात ठेवली असेल, हा विचार अजूनही अधूनमधून माझ्या मनात येतो. तो डोक्यातून काढून टाकण्याचा प्रयत्न मी करीत नाही.