म्हातारपणाची सोय: दवाखान्यात की दारात?



आजारी माणसांना घरी कम्युनियन नेताना आपल्याला काय दिसते? खाटेवर पडलेले बाबा, त्यांची कूस बदलणारी सून, उशाशी गोळ्यांची पिशवी. हे दुखणे चार दिवसांचे नसते, वर्षानुवर्षांचे असते.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीपुढचे सुमारे १० कोटी लोक होते. २०५० पर्यंत दर पाच माणसांत एक जण साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. युरोपातले देश आधी श्रीमंत झाले, मग म्हातारे. आपल्यासारख्या देशांना तेवढी सवड नाही. मग तुटपुंजा पैसा कोणावर खर्च करावा?

कोणी म्हणेल, आधी लेकरांवर आणि कमावत्या हातांवर. बोलणे व्यवहाराचे वाटते. पण माणसाची किंमत त्याच्या कमाईवर ठरत नाही, असे आपण मानतो. शिवाय म्हाताऱ्यांकडे दुर्लक्ष केल्याने खर्च वाचत नाही. तो घरातल्या सुनेच्या नाहीतर लेकीच्या पाठीवर जातो. सरकारी हिशेबात मात्र तो कुठेच दिसत नाही.

२०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, घेतले आहे. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. हे चांगलेच झाले. पण ते कार्ड इस्पितळात भरती झाल्यावर कामाला येते, आणि म्हातारपण तर बहुतेक घरातच सरते.

केरळने दुसरी वाट दाखवली. १९९३ मध्ये कोझिकोडच्या काही डॉक्टरांनी असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करण्यासाठी संस्था काढली. पुढे शेजारपाजारची साधी माणसे शिकून स्वयंसेवक झाली. २००८ मध्ये राज्य सरकारने त्याचे धोरण केले. आज तेथे पंचायतीमार्फत नर्सबाई घरोघर जाऊन जखमा धुतात, घरच्यांना शुश्रूषा शिकवतात. तेथे शेजाऱ्यांनी सरकारचे काम अंगावर घेऊन त्याला मोकळे सोडले नाही. त्याला सोबत ओढले.

आपणही दोन्ही करू शकतो. आपल्या वाडीत अंथरुणाला खिळलेले कोण आहेत, याची यादी करू या. घरी येणाऱ्या नर्सची मागणी ग्रामसभेत किंवा नगरसेवकाकडे मांडू या. आणि येत्या रविवारी दुपारी त्यांतल्या एका घरी जाऊन बसू या, म्हणजे त्या सुनेला दोन तास मोकळे मिळतील.